तिथी पाहून वाट धरावी : तोरण्याहून उतरून किनाऱ्याने जयगडपर्यंत

सह्याद्रीतून खाली उतरायचं आणि किनाऱ्याने दक्षिणेला चालत जायचं, असा बेत ठरला की चर्चा आधी गडांचीच होते. कोणत्या नाळेने (कड्यातल्या अरुंद घळीने) उतरायचं, लिंगाण्याचा सुळका कुठून जवळ दिसतो, रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला जेवणाची सोय कुठे होते. आमची वहीही तशीच सुरू झाली. डोंगराचे चार दिवस मांडले, पुढे किनाऱ्याचे सात. मग तारखांसमोर तिथ्या लिहायला घेतल्या आणि काम तिथेच अडलं, कारण बाणकोटच्या खाडीवर पोचायचा दिवस सप्तमी निघाला.

सप्तमीत वाईट काय, हे घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं, कोळ्याला नाही. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. सातची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला पूर्ण भरती, पुन्हा संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला, आणि मधली ओहोटी भर दुपारी साडेअकराला. पायाला घट्ट लागणारी ओली वाळू मिळणार साडेनऊ ते दीड, डोक्यावर ऊन घेऊन. सकाळच्या गारव्यात निघावं, तर पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, वरचा मऊ पट्टाच उरलेला. त्यातून हे भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस. ओहोटीलाही पाणी फारसं मागे हटत नाही, त्यामुळे कातळाचे कोपरे खालून वळसा घालून पार करायची संधी कमी.

म्हणून सगळं खोडलं आणि उलटीकडून मोजायला घेतलं. डोंगराला घड्याळ नसतं. नाळ सकाळी उतरा की दुपारी, ती तिथेच असते. किनाऱ्याची वेळ मात्र ठरलेली असते, म्हणून आधी किनारा बसवायचा आणि डोंगर त्याच्या मागे जोडायचा.

पौर्णिमेचं किंवा अमावास्येचं गणित करून बघा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराला भरती, त्याआधीची ओहोटी पहाटे पाचला, नंतरची संध्याकाळी साडेपाचला. द्वितीयेला पहाटेची ओहोटी सरकत साडेसातवर येते, तृतीयेला सव्वाआठवर, चतुर्थीला नऊवर, पंचमीला पावणेदहावर. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास हा चालायचा काळ धरला, तर द्वितीया ते पंचमी हे चार दिवस उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत घट्ट वाळू पायाखाली मिळते. शिवाय हे उधाणाच्या पाठोपाठचे दिवस, पाणी लांबवर मागे जातं. महिन्यात अशा दोनच खिडक्या. लांब पुळणी त्या चार दिवसांत बसवायच्या आणि सडे (कातळाची उघडी पठारं), डांबरी रस्ते, खाड्या इकडेतिकडे ढकलायच्या.

या पाऊणपटीवर किती विसंबायचं, तेही सांगून ठेवतो. भरती रोज साधारण ४८ ते ५० मिनिटं उशिरा येते. पाऊणपटीत ४५ मिनिटंच धरलेली आहेत. पंधरवड्याच्या शेवटाला ही तूट वाढत वाढत पाऊण तासाची होते, म्हणून पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला पाऊण अशी उडी दिसते. बेत आखायला हा हिशेब पुरेसा आहे. कातळाच्या कोपऱ्यात शिरायचं असेल त्या दिवशी मात्र छापील कोष्टकातली जवळच्या बंदराची वेळ घ्यायची, आणि आदल्या संध्याकाळी गावात विचारायचं. कोष्टकातलं मुंबईचं उंचीचं आकडेमान रत्नागिरीला लावू नका. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेला जाल तसा तो कमी होत जातो आणि गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास येतो. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून उंच लाटांचे इशारे येतात, तेही निघण्याआधी आणि वाटेत पाहायचे. वारा नसताना, आकाश स्वच्छ असताना लांबवरच्या वादळाच्या लाटा किनाऱ्यावर येऊन आपटतात. त्या कोणत्याही तिथीत बसत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथीचा क्षय किंवा वृद्धी आहे का, ते बघून घ्या. दोन तारखांत तीन तिथ्या बसल्या असतील तर नुसत्या तारखा मोजून केलेला बेत एक दिवसाने चुकतो.

पौर्णिमा की अमावास्या? आम्ही पौर्णिमेच्या बाजूचे. डोंगरातले दिवस मग शुक्ल दशमीपासून पुढे येतात, संध्याकाळी चंद्र डोक्यावर असतो आणि वाट चुकून उशीर झालाच तर पायाखालचं दिसतं. महिने मार्गशीर्ष, पौष, माघ. फाल्गुनातली पौर्णिमा टाळा. शिमग्याला गावोगाव पालख्या निघालेल्या असतात, चाकरमानी घरी आलेले असतात, राहायला खोली नाही आणि एसटीत पाय ठेवायला जागा नाही. (शिमगा बघायला मुद्दाम जा, पण पाठीवर दहा किलो घेऊन नको.) नाताळ ते १ जानेवारी हाही आठवडा सोडून द्या. अमावास्येची खिडकी घेतलीत आणि महिना माघ असेल, तर चतुर्थीला माघी गणेशजयंती येते. त्या दिवशी आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीपाशी मुक्काम शोधायची वेळ येऊ देऊ नका.

आता मागे मोजू. पौर्णिमेला बाणकोट. त्याच्या आदला दिवस, चतुर्दशी, कोरा ठेवायचा. हा राखीव दिवस डोंगराचा आहे. नाळेत पाय मुरगळला, धुकं आलं, कुणाला ताप भरला, तर तो दिवस खर्च होतो आणि पुढचं काही हलत नाही. काही झालं नाही तर त्या दिवशी रायगड नीट बघा. त्रयोदशीला पाचाड, द्वादशीला नाळ उतरून खाली दापोली-वारंगी, एकादशीला मोहरी, दशमीला तोरणा ओलांडून हरपूडच्या बाजूला, आणि नवमीच्या रात्री वेल्हे. एकादशीला मोहरीसारख्या वाडीत घरगुती जेवण सांगताना उपासाचं विचारून घ्या. त्या घरात कदाचित भगर आणि आमटीच शिजणार असेल, आणि चालून आलेल्या माणसाला ती दोन वाढीत पुरत नाही.

नकाशाचं काम आम्ही तिथ्या बसल्यावरच सुरू केलं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे डोंगरासाठी अजूनही सर्वांत उपयोगी. त्यातल्या तुटक रेषांच्या पाऊलवाटा आज मोडलेल्या असू शकतात, पण सोंड कुठे, नाळ कुठे आणि समोच्च रेषा कुठे एकमेकींवर चढल्यात, हे बदललेलं नाही. मोबाइलवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यायचाच. उपग्रहाच्या चित्राबद्दल मात्र एक सावधगिरी : किनाऱ्याचं चित्र भरतीला काढलंय की ओहोटीला, ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं. चित्रात दोन पुळणींच्या मध्ये वाळूची छान जोडपट्टी दिसते आणि प्रत्यक्षात तिथे छातीभर पाणी असतं. चित्रातली ओली वाळू गडद दिसते. तो गडद पट्टा रुंद असेल तर चित्र ओहोटीचं. ही खूण पाहूनच अंतर मोजा.

डोंगराचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. तोरणा १४०३ मीटर. वेल्ह्यातून वर जायला ओझ्यासकट अडीच ते तीन तास. गडावर मुक्काम धरू नका. गडांवर राहण्याचे नियम बदलत असतात, आणि आपला रस्ता तसाही पुढचा आहे. बुधला माचीकडून पश्चिमेला उतरून गेळगणी, हरपूड, वरोती करत मोहरीला जाणारी वाट जुनी आहे. राजगड-तोरणा-रायगड करणारे तिनेच जातात. पण धनगरवाड्यांच्या आसपास ढोरवाटा तिला इतक्या फुटतात की मळलेली वाट दिसली म्हणजे ती आपलीच असं समजू नये. चुकलेली वाट ओळखायची खूण अशी : ढोरवाट समपातळीत फिरत राहते आणि पाण्याशी किंवा कारवीत संपते. गावाला जाणारी वाट खिंडीकडे तोंड करते. या दिवशी माणशी ४ लिटर पाणी निघतानाच भरून घ्या. टाक्यांवर भिस्त ठेवायची तर डिसेंबरपर्यंतच.

मोहरीहून कोकणात उतरायला दोन नाळा जवळ आहेत. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या खिंडीकडे जाते. देखणी आहे, रायलिंग पठाराखालून उतरते आणि समोर लिंगाणा अंगावर येतो. पण मोठमोठे धोंडे, मध्ये दृष्टिभय असलेली आडवी वाट, आणि पाठीवर दहा दिवसांचं ओझं, हा मेळ आम्हाला पटत नाही. एका दिवसाची पिशवी असेल तेव्हा जा. लांबच्या वाटेला सिंगापूरची नाळ बरी. ती सिंगापूर गावातून निघून खाली दापोलीत उतरते. (ही महाडच्या बाजूची दापोली. तालुक्याची दापोली पुढे किनाऱ्यावर लागते. फोनवर जेवण सांगताना दोन्हींचा घोळ होतो, म्हणून तालुका सांगा.)

सहाशे मीटरच्या आसपासचा हा उतार आहे आणि गुडघे इथेच खर्च होतात. काठ्या उतारावर एक वीत लांब करायच्या. घसारा लागला की पाऊल टाचेवर टाकायचं, पाठीत मागे रेलायचं नाही. मागे रेललं की बूट पुढे सुटतो आणि माणूस बसल्याबसल्या घसरतो. नाळेत एकाखाली एक सरळ रेषेत उभं राहायचं नाही. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याकडेच येतो, म्हणून वरचा थांबलेला असतानाच खालच्याने हलायचं. ८ मिमीचा वीस मीटर दोर एकाच्या पिशवीत ठेवा, माणसांसाठी नव्हे, एखाद्या धोंड्यावरून पिशव्या खाली सोडायला. कड्याला आग्या मोहोळ असतं. सिगारेट, धूर, अत्तर, आरडाओरडा यांपैकी काहीही नको.

खाली आलं की हवा एकदम बदलते. घाटमाथ्यावर सकाळी स्वेटर आणि दापोलीत दुपारी अंगाला सदरा चिकटलेला. काळ नदी ओलांडून पाचाडकडे चढायचं हा दिवस लहान ठेवलाय तो यासाठीच. शरीराला दमटपणाची सवय व्हायला दीड-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात मीठ-साखर-पाणी कमी पडलं तर पिंडऱ्यांत गोळे येतात. पाचाडपासून रोज ओआरएसची दोन पाकिटं.

पाचाड ते महाड आणि महाड ते मंडणगड-बाणकोट हा पट्टा चालू नका. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने ट्रकांची धूळ खात चालण्यात काही मिळत नाही, आणि पौर्णिमेला पोचायचंय. एसटी घ्या, जिथे नसेल तिथे जीप. पायीच सलग जायचा हट्ट असणाऱ्यांनी सावित्रीच्या काठाने दोन दिवस जास्त धरावेत आणि तिथ्या त्याप्रमाणे मागे सरकवाव्यात.

महाडमध्ये औषधांची पिशवी पूर्ण करून घ्या, कारण पुढे गावं लहान आहेत. महाडचं नाव निघालंच आहे तर विंचवाबद्दल. कोकणातला लाल विंचू चावला तर वेदना हा मोठा धोका नसतो. विषामुळे रक्तदाब आणि हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायचं काम महाडच्याच डॉ. हिंमतराव बावसकरांनी केलं आणि जगभर पोचवलं. आपल्याला करायचं ते इतकंच : घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना. आणि रोज सकाळी बूट उपडे करून झटकणं. कातळावर फुरसं हा विषारी साप असतो, मातीच्याच रंगाचा. संध्याकाळनंतर सड्यावर विजेरीशिवाय चालायचं नाही, दगडाआड बघितल्याशिवाय बसायचं नाही. प्रतिविष लहान उपकेंद्रात नसतं, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मिळतं. म्हणून वहीत प्रत्येक मुक्कामासमोर सर्वांत जवळचं तसं रुग्णालय आणि तिथे जायला मिळणारं वाहन लिहून ठेवलं होतं.

आता किनारा. इथे प्रत्येक दिवसाचा मधला अडसर एक खाडी असतो किंवा समुद्रात उतरलेला डोंगर, आणि आखणी त्या अडसराभोवती करायची.

बाणकोटचा किल्ला म्हणजे हिंमतगड. इंग्रजांनी घेतल्यावर त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. वरून सावित्रीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर दिसतं. पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटीला वेळासची पुळण गाठायची. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून त्यांच्या संवर्धनाचं काम इथे उभं केलं. पुळणीवर तंबू नको, रात्री विजेरी नको, शेकोटी तर नकोच. गावात घरं आहेत, तिथे राहा.

प्रतिपदेचा वेळास-केळशी टप्पा पुळणीने सलग होत नाही. मध्ये डोंगर थेट पाण्यात उतरलेला आहे, सड्यावर चढून पलीकडे उतरायचं, आणि शेवटाला भारजा नदीची खाडी आडवी. या खाडीसाठीच प्रतिपदा ठेवली. त्या दिवशी भरती दुपारी साडेबारा-पाऊणला. सकाळी सातला निघून, सडा ओलांडून, दुपारच्या भरतीला काठावर पोचलं की होडी काठाला लागते. ओहोटीला तीच होडी पन्नास पावलं लांब उभी राहते आणि मधलं खाजण गुडघाभर चिखलाचं. चिखलात बूट जातो, आणि बूट काढला तर कालवांच्या शिंपल्या तळपाय चिरतात. होडी आदल्या रात्री केळशीतल्या मुक्कामाच्या घरी फोन करून सांगायची. काठावर उभं राहून हाका मारण्यावर बेत ठेवायचा नाही. होडी नाहीच मिळाली तर आतून रस्त्याने मोठा वळसा. त्यासाठी संध्याकाळचे तीन तास हाताशी असावेत.

खाडी पायी पार करण्याबद्दल एकदाच सांगतो. स्थानिक माणूस पुढे चालत असेल तरच. भरती-ओहोटीचं पाणी सारख्या वेगाने हलत नाही. सहा तासांतला पहिल्या तासाला बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं, आणि खाडीच्या अरुंद तोंडातून ते जाताना मांडीएवढ्या पाण्यातही माणूस उचलला जातो. उधाणाच्या दिवसांत हे जास्तच, आणि आपण नेमके त्याच दिवसांत चालतोय. खाडीच्या मुखाशी पोहायलाही उतरू नका.

द्वितीयेला केळशीची लांब पुळण सकाळच्या ओहोटीला, मग उटंबरचा डोंगर चढून आडे, पाडले, आंजर्ले. तृतीयेला आंजर्ल्याहून हर्णै, मुरूड, कर्दे आणि लाडघर. साऱ्या प्रवासातला सर्वांत लांब वाळूचा दिवस हा. सोळा ते अठरा किलोमीटर धरा आणि सहा वाजता निघा. हर्णै बंदरातून वाळूवरून जायचं मनात आणू नका, दोर, जाळी, मासळी आणि गाड्या यांतून वाट नसते. गावातून पलीकडे जा. सुवर्णदुर्ग समोर पाण्यात दिसत राहतो.

पायांबद्दल इथेच सांगायला हवं, कारण पाय बिघडतात ते याच दिवशी. दक्षिणेला चालताना समुद्र कायम उजव्या हाताला. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणजे उजवा पाय दिवसभर खाली पडतो आणि डावा वर. चार तासांनी डाव्या खुब्यात आणि उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, आणि आदल्या आठवड्यात नाळ उतरलेल्या गुडघ्याला ते सोसत नाही. पूर्ण ओहोटीच्या आसपास पाण्यालगतचा पट्टा जवळजवळ सपाट असतो, तिथे चाला. पाणी चढायला लागलं की उतरणीवर रेटत न राहता पुळण सोडून सुरूच्या बनामागच्या वाटेला लागा. अनवाणी चालणं सुखाचं वाटतं, पण पहिल्या दिवशी एक तासापेक्षा जास्त नको. ओली वाळू तळव्याची कातडी कागदासारखी घासते. बुटाला वरून जाळी असेल तर कोरडी वाळू आत जाते, ओल्या मोज्यात मुरते आणि बोटांमध्ये फोड येतात. एक सूत्र ठेवलं होतं : बूट सड्यावर आणि रस्त्यावर, पट्ट्याच्या चपला वाळूत आणि खाडीत, आणि बदलताना पंचाने बोटांमधलं पुसायचंच. पंचा पातळ असतो, तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला होतो. जाड टॉवेल कोणी आणला असेल तर तो पाचाडहून घरी धाडा. वेग घट्ट वाळूवर ताशी चार-साडेचार किलोमीटर, कोरड्या वाळूत अडीच. आखणीत सगळीकडे चार धरलेत तर रोज अंधार पडेल.

उथळ पाण्यातून चालताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूवरून सरपटवत न्या. वाळूत बसलेला पाकट मासा हालचाल लागली की निसटतो. वरून पाय पडला तर काटा मारतो.

चतुर्थीला बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. इथे दोन पुळणींच्या मधले कातळाचे कोपरे खालून पार करायचा मोह होतो, आणि ओहोटी नऊला असल्याने जमतंही. पण कोपऱ्यात शिरायचं ते पाणी उतरत असताना, ओहोटीच्या दीड तास आधी. ओहोटी होऊन गेल्यावर शिरलात तर मागे फिरायची वाट बंद होत जाते. कातळावरचा हिरवा शेवाळी पट्टा बुटाला धरत नाही. काळे, खडबडीत, शिंपल्यांचे दगड धरतात. हात टेकायचा तर हातमोजे हवेत. पलीकडची पुळण दिसत नसेल तर वरून पाखाडीने (दगडी पायवाटेने) जा, अर्ध्या तासाचाच फरक आहे. ही कृष्ण चतुर्थी, म्हणजे संकष्टी. रात्रीचं जेवण बऱ्याच घरी चंद्रोदयानंतर, नऊ वाजून गेल्यावर होतं आणि त्या दिवशी मासळी नसते. आपल्याला सातला भूक लागलेली असते. आधी सांगितलं तर वरण-भात लवकर मिळतो.

दाभोळहून वाशिष्ठी ओलांडायला फेरीबोट आहे, बरेच जण तिला जंगलजेटी म्हणतात. गाड्या नेणारी असल्याने ती भरती-ओहोटीवर फारशी अडत नाही. पलीकडे धोपावे. तिथून अंजनवेल आणि गोपाळगड होतो, पण वीज आणि गॅसच्या प्रकल्पांमुळे किनारा सलग मोकळा नाही, रस्त्याने वळावं लागतं. उपग्रहाच्या चित्रात दिसणाऱ्या तिथल्या वाटांवर कुंपणं आहेत. पंचमीचा हा दिवस डांबराचा समजा. शेवटाला गुहागरची पुळण येते, ती संध्याकाळी चाला.

पाणी आणि खाणं यांत किनाऱ्यावर विशेष अडचण नाही. दोन-तीन लिटर बरोबर असलं की पुढच्या वाडीत भरता येतं. मात्र पुळणीलगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते प्यायल्याने तहान भागत नाही आणि पोट बिघडतं, म्हणून चव घेऊन भरा आणि डोंगराच्या बाजूची विहीर विचारा. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी माणसं आणि जेवणाचा प्रकार सांगायचा. मासळी काय मिळेल ते बाजारावर, त्यावर वाद घालू नये. रोख पैसे सुटे ठेवा. रेंज नसलेल्या वाडीत फोनवरून पैसे जात नाहीत. पिशवी पाण्याशिवाय सात-आठ किलोच्या वर गेली असेल तर त्यात चूल आहे, आणि या वाटेवर चूल लागत नाही.

वारा आपल्या बाजूने असतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा. दुपारचा खारा वारा गार लागतो, त्यामुळे ऊन कळत नाही आणि संध्याकाळी कान आणि मान भाजलेली असते. टोपी कान झाकणारी.

षष्ठीला गुहागर, पालशेत, वेळणेश्वर. ओहोटी साडेदहाला सरकली आहे, म्हणून सकाळचे पहिले दोन तास वरच्या रस्त्याने काढून मग वाळूवर उतरायचं. सप्तमी अखेर येतेच. पण त्या दिवशी हेदवी, रोहिले, तवसाळ हा टप्पा बहुतेक सड्याचा आणि रस्त्याचा आहे, पाणी कुठेही असलं तरी बिघडत नाही. हेदवीच्या बामणघळीत पाणी उसळताना पाहायचं तर भरती हवी, आणि आपण तिथे सकाळी पोचतो. त्या एका गोष्टीवर आमच्या आखणीत पाणी सोडलंय. पाहायचंच असेल तर वेळणेश्वरला एक मुक्काम वाढवा, आणि घळीच्या तोंडाशी ओल्या कातळावर उभे राहू नका.

तवसाळ-जयगड फेरीबोटीच्या खेपा दाभोळइतक्या नाहीत. शेवटची खेप किती वाजता ते गुहागरलाच विचारून घ्या, आणि तिच्या आधीची पकडायची असं धरून चाला. जयगडहून रत्नागिरीला एसटी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तारीख घेताना सप्तमीची नव्हे, नवमीची घ्या.

घरी पोचल्यावर त्याच रात्री पिशवीच्या आणि तंबूच्या चेन गोड्या पाण्यात धुवायच्या, काठ्यांचे सांधे उघडून पुसायचे. मिठाची वाळू एक रात्र राहिली की चेन हिरवी पडते आणि काठी आतून धरते, मग ती पक्कड लावूनही सुटत नाही.